फोन लागत नाही म्हणजे बोट बुडाली असं नाही

आपल्या बंदरातली एक लेक भोपाळला कोलार रोडला दिली आहे. दर्यापासून शेकडो किलोमीटर लांब. पण इकडे वारा सुटला की सोसायटीच्या ऑफिसात पहिला फोन तिचाच. "काका, बाबांचा व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही, बोट कुठाय?" आम्ही सांगतो, "बाय, बोट जेटीला आहे. बाबांचा नेटपॅक संपलाय."

हसू येतं, पण तिचं काही चुकत नाही. कुठला फोन कधी चालतो, हे आपण घरच्यांना नीट सांगतच नाही. १ ऑगस्टला बंदी उठते आहे. त्याआधी हे एकदा घरात बसून बोला.

व्हॉट्सअॅप कॉल चेहरा बघायला, नातवंडांशी बोलायला उत्तम. पण त्याला चांगलं नेट लागतं. जिथे साधा कॉल कसाबसा जातो, तिथे तो अडखळतो. आणि व्हॉट्सअॅपवरून ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लागत नाही. संकटात साधाच कॉल लावायचा. आपल्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल, तर ११२ लागू शकतो. रेंज येत-जात असेल तर एसएमएस टाका, तो बऱ्याचदा निघून जातो.

लँडलाइन आता थोड्याच घरी उरली. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळते, म्हणून घरात लाइट नसली तरी तो फोन चालू राहतो, तार तुटली नाही तोवर. नवीन फायबरचं तसं नाही. घरची लाइट गेली की मशीन बंद आणि फोनही बंद. त्याला बॅटरी बॅकअप ठेवा. आणि लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचा. हा नियम जानेवारी २०२१ पासून आहे, तरी म्हातारी माणसं अजून विसरतात.

निसर्ग वादळ आठवतं ना? ३ जून २०२०. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते किनाऱ्यावर आलं. बोटी वर ओढलेल्या होत्या. तरी कोलार रोडची ती लेक रडकुंडीला आली, कारण खांब पडले, टॉवर बंद झाले आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस ना लाइट ना रेंज. शेवटी आमच्यातला एकजण मोटरसायकल घेऊन रेंज मिळेपर्यंत गेला. खिशात कागद, त्यावर बाहेरगावच्या सगळ्या लेकीबाळींचे नंबर. एकेकीला एवढंच सांगितलं, "सगळे बरे आहेत." मोबाइलची बॅटरी संपली की आतले नंबरही गेले. त्या दिवशी तो कागदच कामाला आला.

दर्यात गोष्ट वेगळी. किनारा मागे पडला की मोबाइलचा भरवसा नाही. तिथे व्हीएचएफ वायरलेस. चॅनेल १६ कायम चालू ठेवा. ते हाक मारायला आणि संकटाला आहे, गप्पांना दुसरं चॅनेल घ्या. अँटेना जितकी उंच, तितका आवाज लांब जातो. संकट आलं तर तीनदा "मेडे", मग बोटीचं नाव, जीपीएसची जागा, काय झालं आणि माणसं किती. व्हीएचएफच्याही पलीकडे गेलात तर डॅट. बटण दाबलं की संदेश उपग्रहावरून तटरक्षक दलाकडे जातो. नवीन डॅटमध्ये संदेश पोचल्याचं उत्तरही परत येतं.

तांडेलांनो, खलाशांनाही हे सगळं चालवायला शिकवा. तुम्हीच पाण्यात पडलात तर बटण कोण दाबणार?

आणि निघण्याआधी घरी तीन गोष्टी सांगून जा. किती दिवसांची फेरी, रेंजमध्ये आल्यावर पहिला कॉल कोणाला, आणि ठरलेला दिवस टळला तर घरच्यांनी कोणाला विचारायचं. त्या घरच्यांत लांबची लेकही धरा. मग मधले दिवस फोन लागला नाही, तरी कोलार रोडला रात्रीची झोप लागेल.

नंबर आजच कागदावर लिहा. एक कागद देवघरात, एक बोटीवर.