दशमांश आणि कारभारीपण

ख्रिस्ती धर्मजीवनातील अर्थविषयक विचार समजून घ्यावयाचा तर दोन शब्दांचा परामर्श घ्यावा लागतो. पहिला 'दशमांश', म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दुसरा 'कारभारी'. दोन्ही शब्द मराठी बायबलात रूढ आहेत. दुसरा तर मराठी वाचकास बखरींतून आणि घरगुती बोलण्यातूनही परिचित आहे. कारभारी हा दौलतीचा धनी नव्हे. धन्याच्या वतीने ती सांभाळणारा आणि तिचा हिशेब देण्यास बांधलेला मनुष्य होय. या दोन कल्पना एकमेकींच्या सोबतीने चालत आल्या असल्या तरी त्या एक नव्हेत. पहिली दुसरीपासून तुटली की तिचे काय होते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

दशमांशाचे मूळ इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रात आहे. लेवीच्या वंशाकडे उपासनेची सेवा होती आणि इतर वंशांप्रमाणे त्याला जमिनीचा वाटा मिळाला नव्हता. म्हणून इतरांच्या धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा व गुराढोरांचा दहावा भाग लेवीयांस नेमून दिला होता. लेवीयांनीही मिळालेल्या भागाचा दशमांश याजकास द्यावयाचा होता. घेणाराही देण्याच्या कर्तव्यातून सुटत नसे. 'अनुवाद' या ग्रंथात याहून निराळी एक तरतूद आढळते. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून ठेवावा आणि लेवी, परदेशी, पोरके व विधवा यांनी तो पोटभर खावा, असे तेथे सांगितले आहे. जमीन ईश्वराची, कसणारा तिच्यावर राहणारा कूळ, हा सिद्धान्त या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी आहे. दशमांश ही त्या मालकीची पोच होती.

नव्या करारात या प्रथेकडे पाहण्याची दृष्टी बदललेली दिसते. पुदिना, शेपू आणि जिरे यांचाही दशमांश काटेकोरपणे देणारे परूशी न्याय व दया यांकडे मात्र पाठ फिरवतात, अशी टीका येशूने केल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. दशमांश देऊ नये असे त्याचे म्हणणे नाही. दशमांश दिला म्हणजे सर्व दिले, या समजुतीवर त्याचा रोख आहे. मंदिराच्या भांडारात दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या विधवेस त्याने श्रीमंत दात्यांहून श्रेष्ठ ठरविले ते तिच्यापाशी काय उरले हे पाहून. पौलाने करिंथच्या मंडळीस आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवावे असे सुचविले. तेथे त्याने ठरावीक हिस्सा सांगितला नाही.

पुढे मात्र हिस्सा ठरला, आणि त्यामागे दंडशक्तीही आली. 585 साली माकों येथील धर्मपरिषदेने दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराचा धाक घातला. 779 साली शार्लमेनने आपल्या राज्यात तो सर्वांस बंधनकारक केला. अशा रीतीने अर्पणाचा कर झाला. फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीत तो रद्द करण्यात आला. इंग्लंडमध्ये 1836 च्या कायद्याने पिकाच्या हिश्शाऐवजी धान्याच्या दरांशी निगडित अशी रोख आकारणी सुरू झाली. आयर्लंडमधील स्थिती सर्वांत विपरीत होती. तेथील बहुसंख्य कॅथलिक शेतकऱ्यांना स्वतःच्या पंथाच्या नव्हे, तर प्रस्थापित प्रॉटेस्टंट चर्चच्या पाळकांसाठी दशमांश द्यावा लागे. थकबाकीपोटी गुरे जप्त होऊ लागली; 1831 पासून ठिकठिकाणी चकमकी झडल्या व माणसे मृत्युमुखी पडली. जी रीत विधवा आणि परदेशी यांच्या पोटासाठी होती, तिच्यापायी गरिबांच्या गोठ्यातील जनावर जावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

येथेच कारभारीपणाच्या कल्पनेचे महत्त्व ध्यानात येते. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1760 साली प्रसिद्ध झालेल्या पैशाच्या उपयोगाविषयीच्या प्रवचनात तीन नियम घालून दिले: सन्मार्गाने होईल तेवढे मिळवावे, होईल तेवढे वाचवावे आणि होईल तेवढे द्यावे. तिसऱ्यावाचून पहिले दोन व्यर्थ, असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या एका प्रवचनात त्याने ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब दिला आहे. हा तरुण तो स्वतःच असावा, असे सामान्यतः मानतात. पहिल्या वर्षी त्याची प्राप्ती 30 पौंड होती. 28 पौंडांत निर्वाह करून त्याने 2 पौंड दिले. पुढील वर्षांत प्राप्ती 60, 90 व 120 पौंड होत गेली, परंतु खर्च 28 पौंडच राहिला. दान अनुक्रमे 32, 62 व 92 पौंड झाले. पहिल्या वर्षीचे दान दशमांशाहूनही कमी होते आणि चौथ्या वर्षीचे तीन चतुर्थांशांहून अधिक. दहावा हिस्सा या हिशेबात कोठेच नाही, आणि तरीही हा कारभारीपणाचा उत्तम नमुना आहे.

याच वृत्तीचे एक उदाहरण आपल्या देशातच सापडते. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत 1910 च्या सुमारास 'बुहफाई थाम', म्हणजे मूठभर तांदूळ, ही रीत सुरू झाली. स्वयंपाक करताना गृहिणी भांड्यात घ्यावयाच्या तांदळातून एक मूठ काढून निराळी ठेवते. साठलेला तांदूळ गोळा करून विकला जातो आणि ती रक्कम मंडळीच्या कार्यास लागते. ज्या घरात नाणे नाही, त्या घरालाही या रीतीने दाता होता येते. शिवाय हे देणे वर्षाकाठी एकदा नव्हे, तर चूल पेटेल तेव्हा घडते. नियमाचे रूपांतर सवयीत आणि सवयीचे जीवनक्रमात कसे होते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

दशमांशावर एक रास्त आक्षेप असा की, समान हिस्सा म्हणजे समान भार नव्हे. शंभर रुपयांत घर चालविणाऱ्याचे दहा रुपये आणि लक्षाधीशाचे दहा हजार यांत गणित सारखे असले तरी त्याग सारखा नाही. म्हणून दहावा भाग हा एकास असह्य, तर दुसऱ्यास सोयीस्कर पळवाट ठरू शकतो. दिल्याने संपत्ती दुपटीने परत येते, असे सांगून गरिबाकडून तो घेणे तर अधिकच अनुचित होय. तेथे अर्पणाचा सौदा होतो.

तात्पर्य, दशमांश हे मोजमाप आहे आणि कारभारीपण ही वृत्ती आहे. मोजमाप नवशिक्यास उपयोगी पडते. ते शिस्त लावते आणि देण्याचे टाळू देत नाही. परंतु दहावा भाग दिल्यावर उरलेले नऊ भाग माझे, असे ज्याने मानले तो धनीच राहिला. उरलेल्या नऊ भागांचाही हिशेब आपणांस द्यावयाचा आहे, हे ज्यास उमगले तोच कारभारी होय.