दोघांची छोटी सुट्टी आणि दक्षिण युरोपचे घाट

दोन-तीन दिवसांची सुट्टी काढून एखादे जुने शहर पाहायचे, तिथेच भाड्याची गाडी घेऊन डोंगरात शिरायचे आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे, ही जोडप्यांच्या सहलीची रीत दक्षिण युरोपात रुळली ती गेल्या तीसेक वर्षांत. ज्या रस्त्यांवरून ही भटकंती चालते ते मात्र कितीतरी जुने आहेत आणि त्यांतले बरेचसे सहलीसाठी बांधलेलेच नव्हते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे उत्तर इटलीतला स्टेल्व्हिओ घाट. लोम्बार्डी तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती आणि व्हिएन्नाहून तिथे फौजा नेण्यासाठी थेट वाट हवी होती. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात २,७५७ मीटर उंचीवरून हा रस्ता काढला. ट्राफोईच्या बाजूला त्याला ४८ तीव्र वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाचा दगड आहे. पुढे १९०९ मध्ये बोल्झानो ते कोर्तिना हा डोलोमाइट पर्वतातला रस्ता पूर्ण झाला. त्यामागे पर्यटनाची दृष्टी होती तशी सरहद्दीचीही. सहाच वर्षांत पहिल्या महायुद्धाची आघाडी तिथे येऊन भिडली. या रस्त्यावरच्या फाल्झारेगो खिंडीच्या वर, लागाझुओई शिखराच्या पोटात सैनिकांनी खोदलेले बोगदे आजही आत शिरून पाहता येतात. खिंडीत केवळ छायाचित्रापुरते थांबणाऱ्यांनी हे बोगदे चुकवू नयेत. या डोंगरांचा खरा इतिहास तिथे कळतो.

निव्वळ प्रवाशांसाठी घाट बांधल्याचे उत्तम उदाहरण स्पेनच्या मायोर्का बेटावर आहे. त्रामुंताना डोंगररांगेतून समुद्राकाठच्या सा कालोब्रा या जागी उतरणारा रस्ता अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने आखला आणि तो १९३२ मध्ये तयार झाला. त्याआधी तिथे जायचे तर मुख्यतः बोटीनेच. सुमारे बारा किलोमीटरमध्ये हा रस्ता जवळजवळ ७०० मीटर खाली येतो, तोही एकही बोगदा न खोदता. डोंगर फोडून निघालेला दगड पुढच्या भरावाला वापरला गेला आणि चढ सौम्य राहावा म्हणून रस्ता हवा तितका लांबवला. माथ्याजवळ एके ठिकाणी तर तो २७० अंशांत वळून स्वतःच्याच खालून जातो. टायच्या गाठीसारखा दिसतो म्हणून या वळणाला स्थानिक नावही गाठीचेच आहे. रस्ता अरुंद असल्याने दुपारी समोरून पर्यटकांच्या बस आल्या की छोट्या गाड्यांची पंचाईत होते. तेव्हा सकाळी लवकर उतरणे शहाणपणाचे.

रस्ते असून भागत नाही, मोकळे दिवसही लागतात. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. युद्धानंतर सामान्य घरांत गाडी आली. इटलीत १९५५ मध्ये फियाट ६०० आणि १९५७ मध्ये छोटी फियाट ५०० बाजारात उतरली. स्पेनमध्ये सेआत ६०० ने हेच काम केले. १९६४ मध्ये मिलान ते नेपल्स हा महामार्ग पूर्ण झाला. तरीही या काळातली सुट्टी म्हणजे ऑगस्टमधली लांब, कुटुंबकबिल्यासह समुद्रकाठी घालवलेली सुट्टी. दोघांचीच, दोन दिवसांची सहल अजून महाग होती.

ती स्वस्त झाली युरोपीय संघाच्या निर्णयांमुळे. १ जानेवारी १९९३ पासून सदस्य देशांतल्या विमान कंपन्यांना संघांतर्गत मार्ग आणि भाडे ठरवण्याची मोकळीक मिळाली; एप्रिल १९९७ पासून त्यांना दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गांवरही उडता येऊ लागले. १९९५ मध्ये शेंगेन करार अमलात आला, २००२ मध्ये युरोच्या नोटा हाती आल्या. सरहद्दीवरची रांग गेली, पैसे बदलण्याची कटकट गेली. स्वस्त कंपन्यांनी मोठ्या शहरांच्या आसपासचे लहान विमानतळ निवडले. बर्गामोचा विमानतळ मिलानसाठी म्हणून वापरात आला, पण तो आल्प्सच्या पायथ्याशी असल्याने शहर आणि घाट एकाच सहलीत बसू लागले. शहरांनीही कंबर कसली. बिल्बाओ हे पोलाद आणि जहाजबांधणीचे गाव १९९७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालय उघडल्यावर शनिवार-रविवारच्या सहलीचे ठिकाण झाले.

भारतातून जाणाऱ्या जोडप्यांना एकाच शेंगेन व्हिसाचा मोठा फायदा झाला. इटलीत गाडी चालवायची तर भारतीय परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. अरुंद चढावर उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा तिथला नियम सह्याद्रीच्या घाटांत गाडी चालवलेल्यांच्या अंगवळणी असतो. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात एक जागा मराठी माणसाने आवर्जून पाहावी. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे स्मारक तिथल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये उभे राहिले. पेरुजियाहून डोंगराकडे निघालेल्या गाडीला ते वाटेवरच पडते.

अलीकडे या सहलींवर मर्यादा येऊ लागल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली की तिथल्या रहिवाशांनाच शहर परवडेनासे होते. बार्सिलोनाने २०२४ मध्ये पर्यटकांच्या सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी २५ एप्रिलपासून व्हेनिसने ठरावीक दिवशी मुक्कामाशिवाय येणाऱ्यांवर पाच युरोंचे शुल्क लावले. डोलोमाइटमधल्या ब्राएस तळ्याकडे ऐन उन्हाळ्यात दिवसा गाडी न्यायची असेल, तर जागा आधीच आरक्षित करावी लागते.