बॅटरी आपली, वीज आपल्याच दुकानात

भारनियमनाच्या काळापासून भिवंडी-मालेगावच्या दुकानदार बांधवांची इन्व्हर्टरशी ओळख आहे. तो जुना इन्व्हर्टर साधा. लाइन असली की तीच पुढे सोडतो, गेली की आतला रिले फिरून बॅटरीची वीज देतो. दोन्ही एकत्र कधी येत नाहीत. त्याची तार सॉकेटात खुपसून लाइनला जोडण्याचा उद्योग कोणी करू नये. मशीन जळेल, माणूसही दगावेल.

हायब्रिड इन्व्हर्टरची बात वेगळी. तो लाइनच्या ५० हर्ट्झशी मेळ घालून तिच्यासोबत चालतो. दिवसा सोलरने बॅटरी भरा, संध्याकाळी वापरा. पण वीज बाहेर का जाऊ देऊ नये? नेट मीटर नसेल तर तिचा मोबदला नाही. उलट बरेच एकमार्गी इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. माल आपला आणि बिलही आपल्यालाच!

ही राखण करतो एक छोटा चिमटा, त्याला सीटी म्हणतात. मीटरनंतरच्या मुख्य तारेवर तो बसवतात. लाइनवरून किती वीज येते ते तो सांगतो आणि इन्व्हर्टर त्या हिशेबाने कमी-जास्त सोडतो. दुकानात ५०० वॅटचे दिवे-पंखे असतील तर ४५० बॅटरीचे, ५० लाइनचे. हे ५० मुद्दाम ठेवायचे, कारण एखादा पंखा एकदम बंद केला की इन्व्हर्टरला हात आखडायला क्षणभर लागतो.

आमच्या दुकानात मिस्त्रीने हा चिमटा उलटा बसवला. संध्याकाळी बॅटरी भरलेली, सगळे दिवे चालू, तरी तिच्यातून वीज निघेना. आत येणारी वीज बाहेर चालली आहे असे इन्व्हर्टरला वाटत होते. तीन आठवडे आम्ही बॅटरीलाच दोष देत बसलो! चिमट्यावर बाणाची खूण असते, ती कागदाशी ताडून पाहा.

लाइन गेली की इन्व्हर्टरने लाइनपासून ताबडतोब तुटले पाहिजे. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाचा हा सवाल आहे. ही सोय नसलेले स्वस्त मशीन घेऊ नका. वीज बाहेर देणार नसलात तरी जोडणी लाइनशी होते, म्हणून वीज कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या.

कारखानदारांसाठी एक गोष्ट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण लूमची मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. दुकानाच्या इन्व्हर्टरवर लूम लावू नका.