आजोबांचा कॅमेरा आणि कर्जतचा पाऊस

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून काय काय खाली येते! फुटक्या काचेचा कंदील येतो, लग्नात आलेली पितळी परात येते, आणि एखाद्या घरी कातडी पेटीत बंद केलेला जडसा कॅमेराही येतो. कुणाच्या मामाने तो आखातातून आणलेला असतो, तर कुणाच्या आजोबांनी मुंबईच्या बोरा बाजारात घासाघीस करून घेतलेला असतो. पेटी उघडताच बुरशीचा वास येतो. मुले विचारतात, "हा चालतो का हो?" वडीलधारी माणसे म्हणतात, "चालून तरी आता त्याला विचारतो कोण?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा येथे विचार आहे. दुसऱ्याचे त्यात ओघाने येईलच.

माळ्यावरच्या या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे रेंजफाइंडर जातीचे, म्हणजे अंतर मोजणारे असतात, आणि त्यांचे भिंग कायमचे बसविलेले असते. माणसाचे दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित निराळ्या कोनांतून पाहतात. तशाच या कॅमेऱ्याला दर्शनी बाजूस दोन खिडक्या असतात. मागून डोळा लावला की मधल्या पिवळसर ठिपक्यात समोरच्या माणसाला दोन नाके दिसतात. भिंगाभोवतीचे कडे फिरवीत गेले की दोन नाकांचे एक होते. झाले, अंतर जुळले!

कोडॅकने १९१६ साली ही जोडणी पहिल्यांदा कॅमेऱ्यात घातली आणि लायकाने १९३२ साली ती लहान फिल्मच्या कॅमेऱ्यात आणली. पण बेताच्या मिळकतीच्या माणसाला ती परवडू लागली जपान्यांमुळे. कॅननने १९६१ च्या जानेवारीत 'कॅनोनेट' विक्रीस काढला, तेव्हा आठवड्याचा साठा दोन तासांत संपला म्हणतात. पुढच्याच वर्षी, २० फेब्रुवारी १९६२ रोजी, जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, तेव्हा त्याच्याजवळ मिनोल्टाने बनविलेला आणि 'अ‍ॅन्स्को' नावाने विकला जाणारा असाच एक साधा कॅमेरा होता. तो सरकारी प्रयोगशाळेत घडविलेला नव्हता. अमेरिकेतल्या दुकानातून विकत आणून त्याला हातमोज्यांत धरता येईल अशी मूठ तेवढी जोडली होती.

मोबाईल खिशात असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. माझे मोबाईलशी भांडण नाही. परंतु त्यात काढलेल्या हजारो चित्रांपैकी कागदावर किती उतरतात, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. फिल्म स्वस्त नाही. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० साली स्थापन झाली, 'इंदू' फिल्म तिचीच. ती कंपनी बंद पडली, आणि आता फिल्म बहुतेक सारी परदेशातून येते. छत्तीस चित्रांच्या रिळाला शेकड्यांनी रुपये मोजावे लागतात, धुलाई निराळी. म्हणूनच रीळ घातलेला माणूस बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहतो, आणि धुऊन आलेली निगेटिव्ह घरात राहते.

आणि पाहण्यासारखे आमच्या मुलखात पुष्कळ आहे. कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसावे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी चार स्थानके जाईपर्यंत वैशाखात राब भाजलेली काळी वावरे दिसतात, आषाढात गुडघाभर चिखलात आवणी चाललेली दिसते, आणि दिवाळीच्या सुमारास पिवळी शेते कापणीला आलेली असतात. हे सारे रोजचेच. म्हणून कुणी त्याचा फोटो काढीत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर कुटुंबांची ती वाडी इरशाळगडाच्या वाटेवरची. कितीतरी डोंगरभटके तिच्यातून वर गेले. गडाच्या नेढ्याचे फोटो असंख्य निघाले असतील. वाडीतल्या अंगणांचे, ओट्यावर बसलेल्या माणसांचे किती निघाले? रोजच्या गोष्टींचे मोल त्या रोजच्या असेतोवर कळत नाही. म्हणूनच कॅमेराही रोज जवळ बाळगता येईल असा हवा.

आता निवड कशी करावी? बाजारात जुने म्हणून जे नेहमी दिसतात, त्यांपैकी तिघांची येथे तुलना करू.

पहिला 'याशिका इलेक्ट्रो ३५'. हा १९६६ साली निघाला, आणि त्याचा 'जीएसएन' हा अवतार १९७३ चा. भिंगाचा छिद्रांक १.७, म्हणजे अंधुक उजेडातही उपयोगी. छिद्र आपण ठरवावे, वेळ तो स्वतः ठरवितो. नवख्या माणसाला याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. पण वजन पाऊण किलोच्या घरात, आणि सगळा कारभार बॅटरीवर. बॅटरी संपली की शटर एकाच गतीने, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने, उघडते. भर उन्हात ते चालेल. श्रावणातल्या दुपारी चित्र काळे येईल.

दुसरा 'कॅनोनेट क्यूएल १७ जी-३', १९७२ चा. छिद्रांक १.७ च, वजन सुमारे सहाशे वीस ग्रॅम. यात वेळ आपण ठरवावी, छिद्र तो ठरवितो. याचा मोठा गुण असा की सेल नसला तरी सेकंदाच्या चौथ्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंत साऱ्या गती चालतात. फक्त उजेडाचा अंदाज आपला आपण करावा लागतो. महडच्या वरदविनायकाच्या दर्शनाला गेल्यावर, समईच्या प्रकाशात आजीचा चेहरा टिपायचा, तर हाच न्यावा. शटर भिंगाच्या आत असल्याने त्याचा आवाज चुटकीहून मोठा होत नाही.

तिसरा 'ऑलिम्पस ३५ आरसी', १९७० चा. वजन चारशे दहा ग्रॅम. खांद्याच्या पिशवीत डबा आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये सहज मावतो. वेळ आणि छिद्र दोन्ही डोळ्यासमोर चौकटीत दिसतात. सेल नसताना हाही चालतो. उणीव एवढीच की छिद्रांक २.८, पहिल्या दोघांच्या भिंगांतून येणारा उजेड याच्या अडीच पटींहून अधिक असतो. संध्याकाळच्या घरगुती प्रसंगी हा मागे पडतो.

कागदावरची ही तुलना आमच्याकडे मात्र पावसाच्या परीक्षेला उतरावी लागते. आमच्या शेजारी एक निवृत्त रेल्वे गार्ड राहतात. हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "सर, गाडी घाट चढणार की नाही, हे नेरळला कळत नसतं. ते पळसदरीच्या पुढं कळतं." कर्जतला मागून जादा इंजिने लावून घाट चढणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डब्यातले मीठ पाझरते, पापड सादळतात, आणि भिंगावर बुरशीची जाळी धरते. एकदा ती भिंगाचा मुलामा खाऊ लागली की पुसून जात नाही.

बुरशीला अंधार, ओल आणि बंद जागा आवडते. म्हणजे नेमकी कातडी पेटी, आणि तीही कपाटात. जपून ठेवलेला कॅमेरा बिघडतो तो असा. शटरच्या पात्यांवरचे तेलही न वापरल्याने चिकट होते; कॅनोनेटची तर ही नेहमीची तक्रार. उलट जो कॅमेरा रोज हाताळला जातो, ज्याला वारा आणि उजेड लागतो, तो टिकतो. रात्री तो पापडासारखा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जेलचे मणी ओले झाल्याचे रंगावरून कळते. तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात.

सेलची अडचण मोठी वाटते, पण तशी नाही. कॅनोनेट आणि ऑलिम्पसमध्ये पूर्वी पाऱ्याचे सेल घालीत. पारा विषारी म्हणून ते आता मिळत नाहीत. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल भोवती कडे घालून बसविला की काम भागते. आजोबांच्या कानाचा सेल नातवाच्या कॅमेऱ्याला! याशिकाला सहा व्होल्टची बॅटरी अडॅप्टरसह लागते. आणि काहीच मिळाले नाही, तर जुना नियम आहेच. ४०० च्या फिल्मवर, पाचशेव्या भागाच्या गतीला, कडक उन्हात छिद्र १६, ढगाळ दिवशी ८, दाट ढगांत ५.६, आणि उघड्यावरच्या सावलीत ४ ठेवावे. आठवडाभर वापरले की हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होतात.

विकत घेताना मागचे झाकण उघडून भिंगातून बॅटरीचा उजेड पाडावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर परत द्यावा. दूरच्या डोंगराच्या कड्यावर दोन्ही प्रतिमा एक होतात का, ते पाहावे. कॅनोनेटची चौथ्या भागाची गती कान देऊन ऐकावी, अडखळता कामा नये. याशिकाची कळ सरकविताना आतून 'खट्' असा आवाज यावयास हवा. न आल्यास आतली रबरी गादी झिजली असे समजावे. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नये, तो बदलता येतो.

माझा कौल विचाराल, तर नव्याने घेणाऱ्याने आमच्या भागात रोजसाठी ऑलिम्पस घ्यावा. हलका आहे, आणि सेलवाचून अडत नाही. घरात सणसमारंभ, संध्याकाळची माणसे अधिक असतील, तर कॅनोनेट. आणि माळ्यावर याशिकाच सापडला असेल, तर दुसरा शोधीत बसू नये. बॅटरी घालावी, एक रीळ भरावे, आणि भाऊबीजेला बहीण ओवाळीत असताना तिला क्षणभर थांबवून दोन नाकांचे एक नाक जुळवावे. रीळ धुऊन आले की त्यातली चारदोन चित्रे कागदावर काढून घ्यावीत आणि पाठीमागे नावे व तारीख लिहावी. आजोबांच्या काळी ती लिहीत असत. म्हणून तर जुन्या आल्बममधली माणसे आज आपल्याला ओळखता येतात.