समुद्री ऊद आणि शिंपल्यांची मासेमारी

उभ्या पिकात रानडुकरांचा कळप शिरला म्हणजे सकाळी काय उरते, हे आपणांस सांगावयास नको. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर शिंपले व खेकडे पकडणाऱ्या मच्छीमारांवर असाच प्रसंग आला आहे. तेथे शिरणारा प्राणी म्हणजे समुद्री ऊद. आपल्या कोकणातील खाड्यांत दिसणाऱ्या पाणमांजराचाच हा भाऊबंद. मात्र वजनाने भारी आणि बहुतेक सारे आयुष्य समुद्रातच काढणारा.

दाट केसांच्या कातडीसाठी याची एवढी शिकार झाली की, १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आली तेव्हा जेमतेम एक-दोन हजार प्राणी शिल्लक होते. आग्नेय अलास्कातून तर तो नाहीसाच झाला होता. तेथे १९६५ ते १९६९ या काळात सुमारे ४०० ऊद आणून सोडण्यात आले. २०१२ पर्यंत त्यांची संख्या २५,००० च्या आसपास गेली.

सीलप्रमाणे उदाच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंड पाण्यात ऊब टिकविण्यासाठी त्यास रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा खावे लागते. हिशेब करून पाहा. २४ किलोचा ऊद रोज ६ किलो, म्हणजे वर्षाला दोन टनांहून अधिक खातो. खातो काय, तर शिंपले, खेकडे, समुद्रकाकडी आणि सी-अर्चिन हे काटेरी गोळ्यासारखे प्राणी. म्हणजे नेमका बाजारात जाणारा माल, त्यातही मोठा आधी. फटीत लपलेला बारका माल उरतो, पण तो बुडी मारून माल काढणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. समुद्रकाकडीची काही क्षेत्रे यामुळे बंद करावी लागली आहेत.

तथापि सगळा दोष उदाच्या माथी मारणे बरोबर नाही. ऊद नव्हते म्हणूनच हा माल एवढा वाढला होता. सी-अर्चिन बेसुमार झाले की ते केल्प हे मोठे समुद्रशैवाल फस्त करतात, तळ उजाड होतो, आणि उपाशी अर्चिनमध्ये विकण्याजोगी गाभोळीही भरत नाही. ऊद आल्यावर केल्पचे रान पुन्हा उभे राहते व त्यात माशांची पिल्ले वाढतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात ॲबलोन या महागड्या शिंपल्याची मासेमारी १९९० साली बंद झाली, ती मुख्यतः माणसाच्याच हावेने.

व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावरील उदांचा जमाखर्च शास्त्रज्ञांनी २०२० साली मांडला. त्यांच्या अंदाजाने शिंपले-खेकड्यांच्या मासेमारीचे नुकसान वर्षाला सुमारे ७० लाख कॅनेडियन डॉलर. उलट मासळीपासून सुमारे ९० लाख व पर्यटनापासून सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर फायदा. बेरीज फायद्याची आहे खरी, पण जमा कोणाच्या खात्यावर? पर्यटकांस फिरविणारा बोटवाला वेगळा, आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर घर चालविणारा वेगळा. किनाऱ्यावरील आदिवासी कुटुंबांच्या तर रोजच्या ताटातील शिंपले कमी झाले.

अलास्कात उदाची शिकार करण्याची मुभा १९७२ च्या कायद्याने किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांनाच आहे. इतर मच्छीमारास, पिंजऱ्याशेजारी ऊद दिसला तरी, हात लावता येत नाही. ऊद अजून न पोहोचलेली खाडी शोधून तिकडे बोट वळविणे, एवढेच त्याच्या हाती राहते.