पाळणाघर की आजोळ?

आमच्या सिरोंचाची मुले-मुली आता नोकरीसाठी चंद्रपूर, नागपूर, हैदराबाद, पुण्यापर्यंत पोहोचली आहेत. पुष्कळ घरांत नवरा-बायको दोघेही कमावती असतात. मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, दोन-तीन महिने राहते आणि परत जायची वेळ आली की घरात एकच विषय निघतो. रजा संपल्यावर बाळाला कोण सांभाळणार? आजी म्हणते, "बाळ इथेच राहू द्या, मी आहे ना!" जावई म्हणतो, "ऑफिसच्या जवळ पाळणाघर आहे." मुलगी दोघांकडे पाहत गप्प बसते. बाळाला डोस द्यायला दवाखान्यात आले की हा प्रश्न डॉक्टरांपुढे येतोच. तो वारंवार येऊ लागल्याने आज त्याच विषयावर लिहितो.

दुधापेक्षा दुधावरची साय प्रिय, असे आपण म्हणतो. आजीच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण तान्ह्या बाळाला मायेबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आईचे दूध. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिका बाईंनी आपली पाच महिन्यांची नात इथे ठेवून घेतली. मुलगी नागपूरला रुजू झाली. पंधरा दिवसांत तिचे दूध कमी झाले, इकडे बाटली आणि डब्याची पावडर सुरू झाली. बाईंनी स्वच्छतेत कसूर केली नव्हती. तरी जूनच्या पहिल्या पावसात बाळाला जुलाब लागले, डोळे खोल गेले, आणि दोन दिवस सलाईन लावावे लागले. बाळ बरे झाले. पण आई रात्रभर गाडीने प्रवास करून पोहोचली तेव्हा ते तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहत होते. त्या मुलीचे रडणे मी विसरलेलो नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. पहिले सहा महिने बाळाने आईजवळच राहावे. या काळात वरचे काही, अगदी पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नाबरोबर आईचे दूध चालू राहावे. आजीला खरोखर मदत करायची असेल तर बाळाला आजीकडे ठेवण्यापेक्षा आजीने बाळाकडे जावे. तेही जमत नसेल तर चांगले पाळणाघर हा आईला सकाळ-संध्याकाळ बाळाजवळ ठेवणारा मार्ग आहे. त्यात कमीपणा मानू नये.

पाळणाघर ही काही आजची फॅशन नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीवर जाताना बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत. बाळ सांभाळायला कुणी नसले की काय होते ते त्या गोळीने दाखवले. पुढे १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) कोसबाडच्या आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवून दाखवली. मोठी बहीण तान्ह्या भावाला सांभाळायला घरी अडकून पडे. भावाची सोय झाल्याशिवाय ती शाळेत येणार कशी, हे त्यांनी ओळखले होते.

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावे, अशीही तरतूद झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी ठेवल्या आहेत. त्यामुळे मुलींनो, रुजू होण्यापूर्वी कार्यालयात याची लेखी चौकशी करा. पाळणाघर घराजवळ की कार्यालयाजवळ, असा प्रश्न आला तर पहिल्या वर्षी कार्यालयाजवळचे निवडा. दुपारी एकदा जरी अंगावर पाजता आले तरी दूध टिकते.

पाळणाघर पाहायला कसे जावे?

एकदा वेळ ठरवून जा आणि एकदा न सांगता, दुपारी जेवणाच्या वेळी जा. भिंतीवरची चित्रे आणि खेळणी पाहून भुलू नका. पुढील गोष्टी पाहा.

१) माणसे किती? बाळे मोजा आणि सांभाळणाऱ्या बाया मोजा. आग लागली तर एका बाईला दोन काखांत दोनच बाळे घेऊन पळता येते, हा हिशेब मनात धरा. एक वर्षाच्या आतल्या तीन-चार बाळांमागे एक बाई असावी. बाया वारंवार बदलतात का, तेही विचारा. रोज नवा चेहरा दिसला तर बाळाला कुणाचाच विश्वास वाटत नाही.

२) हात धुतात का? लंगोट बदलण्याची जागा आणि खाऊ घालण्याची जागा वेगळी हवी. लंगोट बदलल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुतलेले तुमच्या डोळ्यांना दिसले पाहिजेत. पाळणाघरातली पुष्कळ दुखणी इथेच अडवता येतात.

३) झोपवतात कसे? बाळ पाठीवर, घट्ट गादीवर, उशी व जाड पांघरुणाशिवाय झोपवावे. लोंबत्या साडीच्या झोळीत बाळ एकटे सोडू नये. ते उलटून कापडात गुदमरू शकते.

४) औषध कोण देते? तुमच्या लेखी परवानगीशिवाय एक थेंबही देऊ नये, असे बजावून सांगा. सर्दी-खोकल्याची काही औषधे गुंगी आणतात. संध्याकाळी घ्यायला गेल्यावर बाळ रोजच पेंगलेले, जागे करूनही न सावरणारे दिसले तर 'शहाणे बाळ आहे' असे समजू नका. डॉक्टरांना दाखवा आणि पाळणाघराला जाब विचारा. बाळागोळीचे दिवस गेले. तिची आठवण ठेवायला हवी.

५) दार उघडे असते का? पालकांना केव्हाही आत येऊ देणारे पाळणाघर निवडा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीच्या चित्रणात आढळली आणि साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. कॅमेरा हवाच, पण तो नंतर पुरावा देतो. दिवसातून अवेळी डोकावणारे पालक ही त्याहून चांगली राखण आहे.

६) अपघाताच्या जागा. पाण्याने भरलेली बादली, उघडी बटणे, जमिनीवर सांडलेले शेंगदाणे-फुटाणे. रांगत्या बाळाच्या उंचीवर बसून खोलीकडे एकदा पाहा, म्हणजे सगळे दिसेल.

दूध कसे पाठवावे?

हात धुऊन स्वच्छ वाटीत दूध काढावे आणि उकळून घेतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. साधारण पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो भरवसा धरू नये. फ्रीजच्या आतल्या बाजूस चोवीस तास ठेवता येते. नेताना बर्फाच्या डब्यातून न्यावे. हे दूध उकळू नये; भांडे कोमट पाण्यात ठेवून गरम करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीच्या बुचात जंतू लपून बसतात. पाळणाघरातील बाईला वाटी-चमच्याने पाजण्याची सवय नसेल तर तुम्ही शेजारी बसून शिकवा.

आजारपण येणारच!

पाळणाघरात घातल्यावर पहिल्या वर्षी सर्दी-खोकला वाढतो. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे लहान मुलांत सामान्यच आहे. प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. परंतु श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळात साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, एक वर्षानंतर चाळीस किंवा अधिक श्वास भरले, अथवा छाती आत ओढली जात असली, तर तो न्यूमोनिया समजून तात्काळ डॉक्टरांकडे जावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी याच गडचिरोली जिल्ह्यात खेड्यातल्या दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू कमी झाले, आणि ते काम १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. जे आमच्या निरक्षर दायांना जमले, ते शहरातील पाळणाघराच्या बाईला का जमू नये? तिला विचारून पाहा.

जुलाब झाले तर मीठ-साखर पाण्याची पुडी (ओआरएस), आईचे दूध चालू आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक, एवढे लक्षात ठेवा. बाळाचे लसीकरणाचे कार्ड पाळणाघराने मागितले पाहिजे. न मागणारे पाळणाघर इतर मुलांचेही मागत नसणार.

आपल्या भागातील पालकांसाठी तीन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली, आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आढळतो. घरात कुणाला तो असेल तर बाळाची रक्ततपासणी आधीच करून घ्या आणि पाळणाघराला कळवा. साधारण सहा महिन्यांनंतर हातापायांचे पंजे सुजू लागणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. अशा बाळाचा ताप घरी अंगावर काढू नये. दुसरी, सणाला गावी येऊन परत गेल्यावर बाळाला ताप आला तर शहरातील डॉक्टरांना 'आम्ही सिरोंचाहून आलो' हे आधी सांगा. मलेरियाची तपासणी त्यांना लगेच सुचेल. तिसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात. बाळाला दोन-तीन भाषा कानावर पडल्याने काही बिघडत नाही. पण वर्षाच्या मुलाने 'बुव्व' म्हटले तर त्याला भात हवा आहे आणि 'पालु' म्हटले तर दूध, हे पुण्याच्या मावशींना कसे कळणार? असे दहा-बारा शब्द कागदावर लिहून द्या.

बाळ रुळते कसे?

सात-आठ महिन्यांनंतर बाळ परक्या माणसाला बिचकू लागते. शक्य असल्यास त्याआधी, किंवा हळूहळू, पाळणाघराची सवय करावी. पहिले दोन दिवस आईने सोबत बसावे, मग तास, दोन तास, अर्धा दिवस, असे आठ-दहा दिवस चालू द्यावे. याच दिवसांत आजीने शहरात येऊन राहावे. तिचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. आईच्या जुन्या लुगड्याचे दुपटे सोबत द्यावे, त्याला ओळखीचा वास असतो. निघताना चोरून पळू नये. हात हलवून, सांगून जावे. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. केवळ पाळणाघरात ठेवल्याने मुलाची आईशी असलेली ओढ तुटत नाही, आई बाळाकडे कसे लक्ष देते ते अधिक महत्त्वाचे ठरते, असे त्यात दिसले. तेव्हा संध्याकाळचा पहिला तास मोबाईल बाजूला ठेवून बाळाला द्या.

आणि शेवटी आपल्याच तालुक्याबद्दल. मिरची तोडायला नदीपलीकडे जाणाऱ्या आया आपली बाळे शेताच्या बांधावर, सात-आठ वर्षांच्या मुलीच्या भरवशावर झाडाखाली ठेवतात. अंगणवाडीत तीन वर्षांपुढचीच मुले बसतात आणि तीही काही तासच. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावे, असे म्हटले होते. केंद्राच्या २०२२ च्या 'पाळणा' योजनेत सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढण्याची सोय आहे. पुण्यातल्या नातवासाठी आपण इतकी चौकशी करतो. मग गावातल्या मजूर बाईच्या बाळासाठी पुढच्या ग्रामसभेत एक अर्ज द्यायला काय हरकत आहे? त्या सात वर्षांच्या मुलीलाही शाळेत जायचे असते.