गुरुजींच्या गावातला थकवा

अमळनेरात एखाद्या शिक्षकानं ‘थकलो’ म्हटलं, की साने गुरुजींचं नाव निघतं. गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, वसतिगृह सांभाळायचे, मुलांच्या खोल्या झाडायचे, वर ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढायचे; मग तुम्हालाच काय झालं? म्हणजे झोकून देणारा शिक्षक थकत नाही, असा समज.

ही तुलना मला गुरुजींवरही अन्याय करणारी वाटते. ते इथे 1924 ते 1930 अशी सहा वर्षं शिक्षक होते, अविवाहित होते. पुढे सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. पण खरा फरक वेगळा आहे. त्यांचे बहुतेक कष्ट थेट मुलांपर्यंत पोचत. झाडलेली खोली मुलाला दिसे, दैनिकातला मजकूर मुलगा वाचे. आजच्या सरांचा, मॅडमचा कितीतरी वेळ ‘युडायस प्लस’ या सरकारी पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवर ‘आजच्या आज’ मागितलेले तपशील भरण्यात जातो. त्यातून मुलाच्या हाती काय पडलं, हे करणाऱ्यालाही दिसत नाही. माणूस शिणतो तो तिथे.

थकला म्हणजे मनाचा कच्चा, हाही समज चुकीचाच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली: कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ आटोक्यात न आलेल्या ताणातून येणारी अवस्था. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते. प्राणायामानं बरं वाटेल, जरूर करावा. पण कामाची मांडणी तीच राहिली तर दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. मुख्याध्यापकांनी एकच माहिती तीन जणांकडून तीनदा भरून घेतली नाही, तरी बराच भार उतरतो. मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटायला संकोचू नये.

‘शिक्षकाला कुठलंही सरकारी काम लावता येतं’ हे तर कायद्यालाच धरून नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 27 फक्त तीन अपवाद सांगतं: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं. मतदार याद्या आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये म्हटलं आहे. तोंडी कुरकुर हवेत विरते. बुडालेल्या तासिकांची तारीखवार नोंद ठेवून ती मुख्याध्यापकांमार्फत लेखी पाठवली, तर निदान कागदावर राहते.

आता वह्या तपासण्याचा भार आणि त्याला जोडलेला मुलांच्या प्रेरणेचा समज. गुण दिले की मुलं जोमानं अभ्यास करतात, असं आपण धरून चालतो. संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त शेरा मिळाला, ती मुलं सुधारली. गुणही दिले आणि शेराही लिहिला, तिथे मात्र शेऱ्याचा फायदा दिसला नाही. आकडा दिसला, की नजर खालच्या ओळीकडे जातच नाही.

म्हणून सगळ्या वह्या रोज लाल करण्याचा अट्टहास मी सोडायला सांगेन. चाळीस मुलांचा वर्ग असेल, तर रोज आठच वह्या घ्या. गुण नकोत, नुसती सहीही नको. एक ओळ लिहा. ‘रीत बरोबर आहे, हातचा तेवढा विसरलास.’ सोमवारी सुरुवात केली, की शुक्रवारी वर्ग पुरा होतो.